दाजींच्या डावीकडची जागा

कुणाला कुठं बसवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पालीत, राजगडाच्या पायथ्याला आमची पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवार गडावरून उतरणारी माणसं माझ्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन पुण्याला जातात. दमून आलेल्याला भिंतीकडेला टेकायला जागा द्यायची, लेकुरवाळी असेल तिला चुलीपासून लांब बसवायचं, आणि आल्याआल्या दर विचारणाऱ्याला दाराशी, म्हणजे तो जेवून लवकर निघतो. एवढी अक्कल मला आहे. तरी माझ्याच शेडमध्ये बसून एका माणसानं माझ्या नवऱ्याला नको त्या जागी बसवलं, आणि मी वर त्यालाच दही वाढत राहिले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तो माणूस पुण्याचा, कॉम्प्युटरवरच्या नोकरीतला. पहिल्यांदा आला तेव्हा गड उतरताना त्याचा पाय मुरगळला होता. आमच्या ह्यांनी त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. मी हळद गरम करून पायाला लेप दिला, भात-पिठलं खाऊ घातलं, आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी त्याची चक्कर ठरलेली. मला ताई म्हणायचा, ह्यांना दाजी. सख्खी बहीण नाही म्हणाला, म्हणून एका भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं सुद्धा. त्यानं तबकात साडी घातली. साडी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानंच ह्यांना मोबाईलवरचं पोकर शिकवलं. आता सरकारनं पैसे लावायचे असले खेळ बंद केलेत, पण तेव्हा राजरोस चालायचं. मोबाईलवर गाणं लावलं तरी मधेच त्याची जाहिरात यायची. ह्यांना तीन पत्ती येत होती, जत्रेत नाही तर दिवाळीत चार घरची माणसं बसतात तेवढीच. हे त्याच्यापेक्षा मोठं. दोन पानं आपल्या हातात, पाच पानं मधे सगळ्यांची, आणि एका टेबलाला सहा नाही तर नऊ माणसं, कुणी नागपूरचा, कुणी गुजरातचा, तोंड कुणाचंच दिसत नाही. टेबलावर खरं नाव लावायचं नसतं. ह्यांनी आमच्या म्हशीचं नाव लावलं.

म्हशीचं सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच आलं. आमच्याकडं रेंज येते ती फक्त गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी. गिऱ्हाइकांना फोन करायचा झाला तरी शेणाच्या वासात उभं राहावं लागतं. त्यामुळं संध्याकाळी मी धारेला बसले की हे भिंतीपाशी दगडावर मोबाईल घेऊन बसायचे. इकडं माझी चरवी, तिकडं त्यांचा डाव. म्हैस माझी होती. शेड सुरू केली तेव्हाच्या पहिल्या कमाईतून मी तिचं पारडू आणलं होतं, बोटं चोखायला देऊन वाढवलं होतं. तिच्या दह्यासाठी माणसं माझ्याकडं येतात. पिठलं काय, पालीत दहा घरी मिळतं. मडक्यातलं घट्ट दही खाऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याच्या दारात जात नाही.

तर पोकरचं. धार काढता काढता त्या खेळातली सगळी विद्या माझ्या कानावर पडली. पुण्याच्या भावानं ह्यांना सांगितलं होतं की पानं कशी येतात हे आपल्या हातात नाही, पण कुठं बसायचं हे आपल्या हातात आहे. म्हणून आधी टेबल निवडायचं. जिथं सगळे दबकून, मोजूनमापून खेळतात तिथं बसायचंच नाही. जिथं एखादा हौशी माणूस पान कसलंही असू दे, पैसे टाकतच राहतो, ते टेबल चांगलं. आणि अशा टेबलावर सुद्धा वाटेल त्या खुर्चीत बसायचं नाही. डाव डावीकडं फिरतो. म्हणून त्या हौशी माणसाच्या डावीकडची खुर्ची धरायची. तो आधी बोलतो, त्यानं काय केलं ते बघून आपण ठरवायचं. दर वेळी, हरेक डावात.

मला हे पटलं, हेच तर वाईट झालं. बाजारात मी तरी काय करते? नाचणी घ्यायला गेले की आधी दुसऱ्याला भाव बोलू देते. मी म्हटलं, माणूस शहाणा आहे, आपल्या भल्याचं सांगतोय. त्याच महिन्यात मी त्याला तुपाची बरणी भरून दिली. माझ्याच म्हशीच्या तुपाची.

पण ह्यांना टेबल निवडता यायचं नाही. हा माणूस आयुष्यात कधी जागा निवडून बसलेला नाही. लग्नात गेले की जिथं पान मांडलेलं असेल तिथं बसायचं, वाढपी वाढील ते खायचं. आणि एकदा बसले की उठायचं नाव नाही. आमच्याकडं पंगतीत शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. शेजारच्याचा घास तोंडात असताना उठणं म्हणजे त्याचा अपमान. आता टेबल-खुर्ची आली, ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायची पद्धत आली, बाकीच्यांनी हे कधीच सोडून दिलं. ह्यांनी नाही सोडलं. एखादा म्हातारा बोळक्या तोंडानं बुंदी चघळत असला तर हे हात वाळवत त्याच्या शेजारी बसून राहणार.

मोबाईलवर सुद्धा तेच. हरत असले तरी बसलेले, म्हशीची धार आटपून मी चहा टाकला तरी बसलेले. मी हाक मारली की म्हणायचे, अजून दोघं हायेत, मधनंच कसं उठायचं? मी म्हणायचे, अहो, ती माणसं तुमच्या शेजारी जेवायला बसल्यात का? कोण कुठला, त्याला तुमी उठला काय न् बसला काय. तर म्हणायचे, टेबल म्हंजे टेबल. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं मला. पैसे जायचे ते जायचेच, वर ह्यांची समजूत अशी की आपण चार माणसांत रीतीनं वागलो.

ह्यांना टेबल निवडता येत नाही म्हटल्यावर पुण्याच्या भावानं ते काम अंगावर घेतलं. संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा, दाजी, आज ह्या टेबलावर या, ह्या खुर्चीत बसा. हे बिनबोभाट तिथं जाऊन बसायचे. एवढ्या मोठ्या नोकरीतला माणूस, आपल्यासाठी वेळ काढतो, ह्याचं ह्यांना केवढं कौतुक. मलाही होतं. पण येणं काही दिसेना. आज गेले, परवा गेले, मधे एकदा थोडे आले, त्याच्या खुशीत पुढचे चार दिवस गेले.

मग त्याचा नवा सल्ला आला. म्हणे छोट्या टेबलावर सगळे उडाणटप्पू बसतात, तिथं दाजींचा खेळ खुलत नाही. मोठ्या टेबलावर बसा, फक्त त्याला भांडवल लागतं. मी बहिणीकडं भोंगवलीला गेले होते चार दिवस, तिच्या घरी बाळंतपण होतं. मी परत आले तोवर ह्यांनी म्हशीचा सौदा करून इसार घेतलेला. व्यापारी रविवारी सांजच्याला टेम्पो घेऊन येणार होता.

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोठा उभा आडवा दणाणला. माझी म्हैस, मला न विचारता! नुसती ऐकून घेत होती स्वारी. शेवटी म्हणाले, शब्द दिलाय, आणि दादा सांगतोय म्हटल्यावर काय खोटं असंल का? आणि इथं मी गप्प झाले, कारण दादा माझा होता. ओवाळलं मी होतं. तीन दिवस भाकऱ्या आपटत होते, पण मनात एक कोपरा म्हणत होता की कोण जाणे, असंल खरं. आपल्याला काय कळतंय त्यातलं. मग मी ठरवलं, रविवारी तो येणारच आहे दहा माणसं घेऊन. त्यालाच सांगायचं, मला दाखव तुझा खेळ. मला पटला तर म्हशीचं दावं मी माझ्या हातानं सोडून देईन, नाही पटला तर टेम्पो रिकामा जाईल. मग शब्द गेला तरी चालंल.

रविवारी माणसं गडावरून उतरली, जेवायला बसली. ह्यांच्याकडं वाढायचं काम दिलं, आणि मी त्याला म्हटलं, दादा, जरा गोठ्याकडं चला, रेंज तिथंच आहे. मला तुमचं ते टेबल कसं निवडतात ते दाखवा. तो खूशच झाला. आपल्या विद्येबद्दल कुणी विचारलं की माणूस फुलतो, तसा फुलला. मोबाईलवर त्यानं टेबलांची यादी काढली. इथं किती माणसं बसलीत, डावात सरासरी किती पैसे पडतात, ते बोट लावून दाखवलं. मग आजवर ज्यांच्याशी खेळला त्या नावांची यादी काढली. नावांपुढं रंगीत ठिपके होते. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ह्या माझ्या खुणा. ज्याच्याशी एकदा खेळलो त्याच्यापुढं आपण ठिपका लावून ठेवायचा, आणि ठिपक्याच्या पोटात तो कसा खेळतो ते दोन ओळी लिहून ठेवायच्या. लाल म्हणजे पक्का, त्याच्या वाटेला जायचं नाही. हिरवा म्हणजे सोपा. हिरवा दिसला की तिथंच बसायचं, त्याच्या डावीकडं.

तेवढ्यात शेडमधून त्याच्या माणसांनी हाक मारली, सगळ्यांचा फोटो काढायचा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये. हा म्हणाला, धरा जरा ताई, आलोच. आणि मोबाईल माझ्या हातात देऊन गेला. एवढा निर्धास्त होता तो. माझ्यासारखीला काय वाचता येतंय, असंच वाटलं असणार त्याला.

मी यादी खाली सरकवली. आणि माझ्या म्हशीचं नाव दिसलं. पुढं हिरवा ठिपका.

बोट लावलं तर दोन ओळी उघडल्या. इंग्रजी अक्षरं, पण भाषा मराठीच. पालीचे दाजी. ह्यांच्या डावीकडे बसणे. हरले तरी उठत नाहीत, शेवटचा माणूस उठेपर्यंत बसून राहतात. एवढंच. दाजी लिहिलं होतं. ह्यांच्या लिहिलं होतं. लुटायचं टिपण करताना सुद्धा मेल्यानं अहोजाहो केलं होतं! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. समोर म्हैस रवंथ करत उभी, आणि हातात तो मोबाईल. दोनदा वाटलं, शेणात फेकून द्यावा. नाही फेकला, कारण तेवढाच पुरावा होता.

तो परत आला, हसत. मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. त्याचं हसू जिथल्या तिथं राहिलं. मी विचारलं, "ह्यांच्या डावीकडं कोण बसतं?"

म्हणाला, मी बसतो, दुसऱ्या नावानं. आणि बोलायला लागला तो थांबेना. टेबलावर कुणी कुणाचं नसतं म्हणे. मी नसतो बसलो तर दुसरा कुणी बसला असता. निदान माझ्याकडं आले ते पैसे घरातच आले. घरातच! असा संताप आला मला. अरे, तुला ह्या माणसानं पाठीवर घेतला होता. तुझ्या ओझ्यानं त्याची कंबर महिनाभर धरलेली. तुला अख्ख्या जगात हिरवा ठिपका लावायला दुसरा कुणी मिळाला नाही? आणि वर मोठ्या टेबलावर या म्हणतोस, म्हैस विकून या म्हणतोस? हे सगळं मी त्याला बोलले, दबक्या आवाजात, कारण शेडमध्ये गिऱ्हाईक होतं. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हशीचं मला माहीत नव्हतं ताई, एवढं मात्र म्हणाला.

मी म्हटलं, "आणि हे उठत न्हाईत म्हणून कुणी सांगितलं तुमाला? त्यांचा स्वभाव कुणी सांगितला?"

त्यानं वर बघितलं. आवाजात ना राग, ना टोमणा. "तुम्हीच सांगितलं होतं ताई. भाऊबीजेला."

आणि मला सगळं आठवलं. पाट मांडले होते, दोघं शेजारी जेवायला बसलेले, मी वाढत होते. ह्यांचं जेवण कधीच झालं होतं, पण पाहुणा अजून जेवतोय म्हणून हात तसाच ठेवून बसले होते. मी ह्यांची थट्टा केली. म्हटलं, दादा, आमचं हे ध्यान असंच आहे, घर लुटून नेलं तरी शेवटचा माणूस उठल्याशिवाय पानावरनं उठायचं नाही. तो हसला. हे पण हसले. खरं सांगायचं तर थट्टा नव्हती ती, कौतुक होतं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मला म्हणायचं होतं, ते माझ्या तोंडातून तसं आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ह्यांना पोकर शिकवलं.

मी भिंतीला टेकले. तेवढ्यात हे आले, हातात ताकाचं भांडं, काय चाललंय म्हणून बघायला. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. ते सावकाश वाचत होते, अक्षरावर बोट ठेवून. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं. ते चिडतील, त्याची गचांडी धरतील असं मला वाटलं. धरली असती तर बरं वाटलं असतं. ते त्याला म्हणाले, "व्हय दादा, ह्ये मी उठत न्हाई म्हून, तुमाला कसं वो कळलं?"

तो एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "असंच दाजी. तुमचा खेळ बघून बघून कळलं."

हे मान हलवत राहिले, जणू गुरुजींनी चूक दाखवली. मोबाईल त्याला परत दिला, ताकाचं भांडं कट्ट्यावर ठेवलं आणि रस्त्याच्या बाजूला निघून गेले. त्यानं आपली माणसं गोळा केली, जेवणाचे पैसे चुलीपाशी ठेवले आणि गेला. त्यानंतर तो कधी आला नाही. संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा हे आधीच कोपऱ्यावर उभे होते. इसार परत दिला. ह्यांनी शब्द फिरवला म्हणून व्यापाऱ्यानं चार माणसांत वाट्टेल ते ऐकवलं, आणि ज्या माणसाला आयुष्यात कुणी असं बोललेलं नव्हतं, त्यानं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. म्हैस राहिली. ह्यांनी मोबाईलमधनं तो खेळ काढून टाकला, पण पंगतीत अजून तसेच बसतात.

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. गडावरून आलेल्या पोरांना सांगते, वेल्ह्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगते, कापूरहोळला चहा पिताना सांगितलीय. त्याला शिव्या घालते, त्याच्या हिरव्या ठिपक्याला घालते. ऐकणारी माणसं पण घालतात. सगळं सांगते, फक्त भाऊबीजेचं तेवढं वगळून. ह्यांना ते आजवर ठाऊक नाही. त्यांना अजून वाटतं, मोठा हुशार माणूस होता तो, नुसता खेळ बघून स्वभाव ओळखला. त्या दिवशी तो एक शब्द खरा बोलला असता तर मी ह्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नसते. आम्हाला लुबाडलं त्या माणसानं, आणि मला झाकून घेतलं ते पण त्यानंच. त्याच्या लुटीचा राग आता निवलाय. ह्या उपकाराचा मात्र काही केल्या निवत नाही.